मोटारीच्या अंगावर झूल

अमडापूरची वेस मागं पडली आणि उकंडरावांची मोटार तापली. मालक तर तिच्या आधीच तापले होते. मेहुणे वामनराव बैलगाडी घेऊन मागून येत होते. "मोटारीचा काय भरवसा, भाऊजी," एवढंच ते सकाळी म्हणाले होते, आणि ते उकंडरावांना चांगलंच झोंबलं होतं.

काम नाजूक होतं. साखरखेर्ड्याच्या शेषरावांच्या मुलाशी लेकीची, कोकिळेची, सोयरीक ठरवायची होती. दिवस मावळायच्या आत पोचलं नाही, तर उद्या तिथं मेहकरचे पाहुणे ठाण मांडणार होते. स्थळाचं नाव निघताच कोकिळा लाजून आत पळाली होती, त्यामुळे बापाचा जीव त्या स्थळात अडकला होता.

सोयरिकीला जाताना बैलजोडी झुली घालून न्यायची, हा घरचा रिवाज. जोडी विकून मोटार घेतली म्हणून रिवाज थोडाच विकायचा? उकंडरावांनी पोळ्याच्या दोन्ही जाडजूड, आरसे जडवलेल्या झुली एकीवर एक मोटारीच्या नाकावर चढवल्या आणि दिव्यांना घट्ट बांधल्या. मोटार नाकाच्या जाळीतून वारा घेते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. झूल घातलेला बैल आजवर कधी उकळला नव्हता.

"काऊन बे शकूर, काय झालं इले?"

"पट्टा ढिल्ला असंल मालक. नाही त मंग पंप गेला."

शकूर ड्रायव्हर स्वतःला चिखलीतला धन्वंतरी समजत असे. त्यानं झुली अदबीनं वर सारल्या, बॉनेट उघडलं, पट्टा आवळला, पाणी ओतलं आणि झुली पुन्हा नीट बसवल्या. मोटार जरा पुढं जाऊन पुन्हा फुसफुसली. मग त्यानं पंप आवळला. आवळण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा बांधावरचे लोक मदतीला धावले. एकानं नजर काढली. दुसऱ्यानं उष्णतेवर ताक सांगितलं. उकंडरावांना ते शास्त्रशुद्ध वाटलं आणि एक लोटा ताक इंजिनाच्या पाण्यात गेलं. पुढच्या चढावर रस्ताभर कढीचा वास सुटला.

"झुली काढू का मालक? आरसे डोयात चमकून राह्यले."

"सोयरीक जुळल्याबिगर झूल उतरत नसते," उकंडरावांनी दटावलं.

उन्हं कलली. वामनराव येऊन पोचले. त्यांनी नाक वर करून वास घेतला. बैलगाडी ओळखीच्या शेतात सोडून त्यांनी दोर काढला.

"जुपू का, भाऊजी?"

उकंडरावांनी सूर्याकडं पाहिलं. त्यांना रडू यायचंच बाकी होतं. "जुपा," ते म्हणाले, "पण जोडी उघडी नेता येनार नाही." झुली मोटारीवरून उतरून बैलांच्या पाठीवर गेल्या.

अशी वरात साखरखेर्ड्यात शिरली. आता हसं होणार, म्हणून उकंडरावांनी मान खाली घातली. शेषराव मात्र हात जोडून पुढं आले.

"मोटारवाला मानूस शेती इकून खाते, असा आमाले धाक होता. तुमी त मोटारीलेबी बैल लावले. पोरगी आमची झाली."

उकंडरावांचे डोळे भरून आले. हे आपण मुद्दामच केलं, असं सांगायला मात्र ते विसरले नाहीत. चहा झाल्यावर मोटार सहज सुरू झाली. उघड्या नाकानं तिनं नव्या व्याह्यांना अख्खं गाव फिरवलं, तरी तापली नाही. शकूर म्हणाला, पट्ट्याचा गुण. उकंडराव म्हणाले, ताकाचा.

निघताना शेषरावांनी घरातून नवीकोरी झूल आणवली. जुन्या दोन्हींपेक्षा ती जाड होती. व्याह्यांचा मान म्हणून त्यांनी ती स्वतःच्या हातानं मोटारीच्या नाकावर बांधली आणि घरी पोचेपर्यंत सोडायची नाही, असं बजावलं.

"आता तुमी या आरामात," उकंडराव मेहुण्यांना म्हणाले. मोटार दिमाखात वेशीबाहेर पडली. वामनरावांनी दोर खांद्यावर टाकला आणि ते बैल घेऊन तिच्या मागं निघाले. घाई करायचं काही कारण नव्हतं.