भैरूच्या कानामागची पंगत

एका जंगलात, मुलांनो, एका सशिणीने कुत्रा पाळला होता. उलटं असतं तर गोष्ट इथेच संपली असती.

सशिणीचं नाव शेवंती. कॉलेजात शिकलेली, पण पान गळलं तरी दचकायची. कुत्र्याचं नाव भैरू. तो पायाशी असला की तिला झोप लागायची.

एके सकाळी भैरूच्या कानामागे तिच्या बोटांना काहीतरी लागलं. तुरीच्या दाण्याएवढं. केस बाजूला करून बघते तर गोचीड! तोंड कातडीत रुतवून बसलेली.

शेवंती किंचाळली. तिचं बघून भैरूही किंचाळला.

काय करायचं ते तिला ठाऊक होतं. चिमटा कातडीला टेकवायचा, गोचीड तोंडापाशी धरायची, सरळ ओढायची. तिने चिमटा टेकवला.

"अगं अगं अगं!" मागून कोल्हेकाका ओरडले. चिमटा पडला. "भरल्या ताटावरून उठवतेस तिला?"

"पण काका, ती भैरूला खातेय."

"पाहुण्यांच्या ताटात डोकावू नये गं."

त्या जंगलात पंगतीचा मान फार. अस्वलीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे आग लागली होती, तरी पाहुण्यांचा मठ्ठा झाल्यावरच विझवली. कॉलेजात हे नाही शिकवत वाटतं?"

शेवंती ओशाळली. "गोचीडताई, सावकाश होऊ द्या," ती पुटपुटली.

गोचीडताईंनी सावकाशच होऊ दिलं. तुरीचा वाटाणा झाला, वाटाण्याचं बोर झालं. भैरूच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या. तो उठेनासा झाला. शेवंतीने चिमटा उचलला की कोल्हेकाका नुसते खाकरायचे. ती दचकून खाली ठेवायची.

शेवटी गोचीड आपणहून गळून पडली. "अन्नदाता सुखी भव," म्हणाली आणि भैरूच्या गोणपाटात अंडी घालून मोकळी झाली.

"बघ! उठली की नाही आपणहून?" कोल्हेकाकांचे डोळे पाणावले. "उगाच घाई करत होतीस."

पुढे अंडी फुटली. पिल्लं ओळीने भैरूकडे निघाली.

शेवंतीने घाईघाईने चिमटा उचलला. "काका, अजून बसली नाहीत ती! आता चालेल ना?"

"दुसरी पंगत आहे, बाळ. आईला वाढलंस आणि लेकरांना नाही? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील याची शेवंतीला फार भीती वाटायची. तिने चिमटा ठेवला आणि भैरूचा दुसरा कान वर केला.

तात्पर्य : भरल्या ताटावरून कुणालाही उठवू नये. ताटाने धीर धरावा.