बेकनच्या चरबीचा ग्लोव्ह

वर्लीनने केलं ते चांगल्या मनानेच केलं. नवऱ्याचा बेसबॉलचा कातडी ग्लोव्ह पावसात भिजून वाळल्यापासून पापडासारखा कडक झाला होता, तेलाची डबी संपली होती आणि रविवारी दुकान बंद. शेगडीशेजारच्या बरणीत मात्र महिनाभराच्या न्याहारीची बेकनची चरबी साठली होती. तिच्या आजोबांचे बूट याच चरबीवर तीस वर्षं टिकले होते. तिने अर्धी बरणी ग्लोव्हमध्ये जिरवली.

"हा कसला वास?" लायलने विचारलं.

"मायेचा," वर्लीन म्हणाली. "हात घालून बघ, कसा मऊ झालाय."

लायल स्टबलफील्ड टेनेसीतल्या बेलफर्न गावच्या संघात दुसऱ्या बेसजवळ उभा राहायचा. वय चौतीस. अकरा वर्षं तो छोट्या गावांच्या संघांतून खेळत होता. मोठ्या लीगने त्याला कधी हाक मारली नाही आणि आता तो वाटही बघत नव्हता. त्याला फक्त हा हंगाम पुरा खेळायचा होता, कारण दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. पण गेल्या आठवड्यात त्याच्या हातून तीन सोपे चेंडू निसटले होते. मॅनेजर टॅकेटने, ज्याला सगळे स्किप म्हणत, सकाळीच ऐकवलं होतं, "आणखी एक चूक धावफलकाच्या पाटीवर लागली, लायल, की घरी जायचं."

पहिल्याच डावात लायलच्या लक्षात आलं, की चेंडू ग्लोव्हमध्ये येतोय, पण राहत नाही. दोनदा त्याने तो पोटाशी कवटाळून वाचवला. दुसरा ग्लोव्ह मागावा असं त्याच्या मनात येईपर्यंत पाच डाव झाले, आणि पाटीवर पाहुण्यांच्या हिटच्या रकान्यात अजून भोपळा होता. चेंडू टाकणाऱ्या पिचर ड्यूईने एकालाही हिट मारू दिली नव्हती, स्वतःच्या फटक्यावर कुणी बेस गाठला नव्हता. हे सामन्याचे नऊही डाव टिकलं तर पिचरचं नाव नातवंडांपर्यंत निघतं. अशा वेळी बेसबॉलवाल्यांची अक्कल गहाण पडते. त्या गोष्टीचा कुणी उच्चार करत नाही, पिचरशी बोलत नाही, आणि जो जिथे बसलाय तिथून हलत नाही.

"हर्शेल, तुझा ग्लोव्ह दे," लायल बाकावरच्या राखीव खेळाडूला कुजबुजला.

"डोकं फिरलं का तुझं? आता काही बदलायचं नाही. मला तिसऱ्या डावापासून लघवीला लागलीय, मी उठलो का?"

"अरे, पण माझ्या ग्लोव्हला चरबी..."

"गप. जे आहे ते आहे."

रिवाजाप्रमाणे गडी बाद झाला की चेंडू बेसवरच्या खेळाडूंच्या हातांतून फिरून पिचरकडे जायचा. दर वेळी लायल तो पॅन्टला पुसायचा, पण आता पॅन्टही तुपकट झाली होती. आठव्या डावात ड्यूईचे चेंडू असे बुडायला लागले की फलंदाज बॅटसकट गिरकी घेऊ लागले.

नववा डाव, दोन बाद. एक साधा सरपटी चेंडू लायलकडे आला. त्याने वाकून तो अलगद घेतला आणि तो साबणाच्या वडीसारखा सटकला. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला.

सोपा चेंडू खेळाडूच्या हातून निसटला तर ती त्याची चूक, फलंदाजाची हिट नव्हे. ही हिट की चूक, हे ठरवायचं होतं वरच्या खोलीत बसलेल्या हॅझेलवुड मास्तरांनी. निवृत्त शाळामास्तर, लायलवर जीव असलेला माणूस. त्यांनी हिटच्या रकान्यात एक लावला.

लायलची नोकरी वाचली. त्याने ड्यूईकडे पाहिलं. ड्यूई टोपी डोळ्यांवर ओढून उभा होता. लायलला स्वतःची भयंकर लाज वाटली. पंचाकडून थोडा वेळ मागून तो मास्तरांच्या खिडकीखालच्या जाळीपाशी गेला.

"मास्तर, हिट कसली? माझी चूक आहे."

"चेंडू उसळला होता, लायल."

"कसला उसळतोय? माझ्या आजीने काठी टेकत पकडला असता."

"नीट विचार केलायस ना बाबा?"

"अकरा वर्षं खेळतोय, मास्तर. चूक कशी दिसते ते मला नका शिकवू."

भोपळा परत आला आणि चुकीच्या रकान्यात एक लागला. अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. लायलने तोच चेंडू ड्यूईच्या हातात दिला. पुढच्या फलंदाजाला तीन चेंडू टाकले, तिन्ही गुडघ्यापाशी येऊन बुडाले, तिन्हींवर बॅट हुकली, आणि ड्यूईचं नाव झालं.

सामन्यानंतर स्किपने लायलला खोलीत बोलावलं. तो शेवटचा चेंडू टेबलावर होता.

"सकाळी मी काय म्हणालो होतो?"

"एक चूक, आणि घरी. सामान आवरतो, स्किप."

स्किपने चेंडू नाकाशी नेला. हुंगला. परत हुंगला. "याला न्याहारीचा वास का येतोय?"

लायलने बरणीपासून सगळं सांगितलं. चेंडूला काही फासलं की तो असा बुडतो आणि ते नियमात बसत नाही, हे स्किपला पाठ होतं.

"म्हणजे बाद झाल्यावर चेंडू तुझ्या ग्लोव्हमधून ड्यूईकडे जायचा?"

"रिवाजच आहे ना."

स्किपने चेंडू खणात टाकून खण लावला. "मला सर्दी आहे. मी काही हुंगलेलं नाही. ड्यूई अडून बसलाय, की शुक्रवारी दुसऱ्या बेसवर लायलच पाहिजे आणि ग्लोव्हही तोच. तेव्हा काही बदलायचं नाही. निघ."

घरी वर्लीन रेडिओ बंद करून रडवेली बसली होती. "माझ्यामुळेच झालं ना रे?"

"तुझ्यामुळेच," लायल म्हणाला आणि त्याने तिला घट्ट जवळ घेतलं. "शुक्रवारी परत लाव."

वर्लीनचा चेहरा खुलला. "मग या वेळी लोणी लावून बघू? वास तरी बरा येईल."

"नको, नको. काहीच बदलायचं नाही." त्याने बरणी उजेडात धरून तळ पाहिला. "फक्त उद्यापासून न्याहारीला बेकन जरा जास्त तळ."