राणीच्या पाठीवरचा लाल ठिपका

“पेटी उघडाल तर माझ्याशी गाठ हाय! तुमाला राणी जन्मात सापडायची न्हाई, उगं माश्या बिथरवाल,” असं बजावून सत्यशीला बहिणीकडे संगमनेरला गेली. आता नवऱ्याला असं कुणी बजावून जातं का? अजिनाथने दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी, बायको कोल्हारच्या स्टँडवर उतरायच्या सुमारास, त्याने अंगणाच्या कडेच्या मधमाश्यांच्या पेटीचं झाकण उचललं.

आणि राणी सापडली की! चांगली लांबोडकी, तोऱ्यात चालणारी. पुन्हा शोधायला नको म्हणून राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देतात, एवढं त्याने ऐकलं होतं. घरात रंग नव्हता, पण बायकोची नवीकोरी लाल नेलपॉलिश होती. त्याने राणीला दोन बोटांत अलगद धरलं, ठिपका दिला, वाळावा म्हणून फुंकर घातली. तशी राणीने पाय आखडले, कुशीवर कलंडली आणि निपचित पडली.

अजिनाथचं धाबं दणाणलं. डाळिंबाची बाग ऐन फुलात. राणी गेली तर पेटी मोडणार, मग फळ कुठून धरायचं? आणि सत्यशीलेला काय सांगायचं? ही पेटी तिने लेकरासारखी जपलेली.

“आये, राणी गेली!”

“कुठली रं?” मुक्ताबाई शेंगा सोडून धावली.

“पेटीतली! माझ्या हातानं गेली!”

म्हातारीने त्याच्या तळहातावरची माशी निरखली. “आरारा, सवाशीन गेली रं! कुकवासकट गेली. थांब, तशीच न्हाई धाडायची.” ती देव्हाऱ्यातली गंगा घेऊन आली आणि तुळशीच्या पानाने एक थेंब राणीच्या तोंडाशी टेकवला.

तेवढ्यात सत्यशीला दारात. सासूच्या डोळ्यांना पदर, नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. तिच्या हातातली पिशवी गळून पडली. “कोन गेलं?”

“तुझी राणी. मी मारली,” अजिनाथने तळहात पुढे केला. “बोल काय बोलायचं ते.”

सत्यशीलेने वाकून पाहिलं आणि मटकन खाली बसून हसायलाच लागली. “अवो, मेली न्हाई ती! काही राण्या हातात धरलं की अशाच बेसुद पडत्यात. गेल्या महिन्यात माझ्याबी हातात पडली हुती. लई रडले मी. तुमी हसाल म्हनून सांगितलं न्हाई.”

राणीचा एक पाय हलला. मग दुसरा. ती उठली आणि काही झालंच नाही अशी चालू लागली.

“बघा, गंगेचा गुन!” मुक्ताबाईने हात जोडले.

सत्यशीलेने राणीला पेटीत सोडलं. माश्यांनी तिला घोळक्यात घेतलं. अजिनाथच्या छातीवरचा धोंडा उतरला. सुटलो बाबा एकदाचा, असं म्हणत त्याने कपाळावरचा घाम पुसला.

“पन ठिपका कशाचा दिला?” सत्यशीला म्हणाली. मग तिला झाकणावर आडवी झालेली बाटली दिसली. सगळा लाल रंग लाकडावर सांडला होता. “अवो, भाचीच्या साखरपुड्यासाठी आनली हुती मी ती!”

अजिनाथने हातपाय आखडले आणि तिथेच कुशीवर कलंडला.

“अगं बया! गंगा आनू का?” मुक्ताबाई घाबरली.

“गंगा राहू द्या, आत्याबाई,” पदर खोचत सत्यशीला म्हणाली. “ह्यांना हिरीचं पानी चालतंय. बादली कुठं हाय?”