दुसऱ्याच्या बटणावर पेटलेले दिवे

सासूबाईंनी बारा वर्षांत जावयाकडे एकच गोष्ट मागितली, तीही लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण व्हायला आठवडा उरला तेव्हा. "ह्यांचा माझ्या शेजारी बसून हसतानाचा एक फोटो काढून द्या," त्या म्हणाल्या. "शेजारी बसलेले पुष्कळ आहेत. हसतानाचा एकही नाही."

जावई धंद्याने फोटोग्राफर, तेव्हा मागणी तशी साधीच होती. अडचण होती ती सासऱ्यांची. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, आणि कॅमेऱ्याकडेही ते कुणीतरी रातोरात बांध सरकवल्यासारखे रोखून बघत. जावयाची ओळख करून देताना गेली बारा वर्षं ते न चुकता म्हणत, "हे फोटोबिटो काढतात." फोटोचं जावयाला काही वाटत नसे, पण त्या 'बिटो'ने त्याचा जीव जळत असे. सासूबाईंना त्याने छातीला हात लावून शब्द दिला, त्यात अर्धी माया होती आणि अर्धा तो 'बिटो' होता.

फोटो असातसा नको, तीन बाजूंनी प्रकाश टाकून काढायचा, असं त्याने ठरवलं. त्याच्याकडे फ्लॅश तीन होते, पण तिघांची घराणी वेगळी. पहिला नवाकोरा, कॅमेऱ्यावर बसवलेल्या रेडिओ ट्रिगरचा हुकूम मानणारा. दुसरा सेकंडहँड, आणि तिसरा एका बंद पडलेल्या स्टुडिओतून भंगाराच्या भावात उचललेला. ह्या दोघांना रेडिओ म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. त्यांना एकेक डोळा होता, आणि आसपास कुठलाही फ्लॅश चमकला की तो बघून तेही पेटत. म्हणजे बटण दाबताच पहिला पेटणार, त्याला बघून उरलेले दोघे पेटणार, आणि सगळं एका क्षणात होणार. एकदा पेटल्यावर दम खायला दुसऱ्याला पाच सेकंद लागत, तिसऱ्या म्हाताऱ्याला दहा, आणि तोवर तो बारीक शिट्टी घालत बसे.

स्टुडिओत बायकोला खुर्चीत बसवून त्याने तालीम केली. झकास जमलं. बायको मात्र दिव्यांकडे बघून म्हणाली, "तीन तिघाडा, काम बिघाडा. एका कंपनीचे घेतले असते तर काय बिघडलं असतं?"

ठरल्या दिवशी दुपारी तो सासरी पोचला. सासरे इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, "दहा मिनिटं. अकरावं मिळणार नाही." शेजारी सासूबाई नव्या साडीत, लग्नाच्या दिवशी बसल्या असतील तशाच अवघडून बसल्या होत्या.

पहिल्यांदा बटण दाबलं, तर म्हातारा फ्लॅश पेटेना. खिडकीतून येणारं ऊन थेट त्याच्या डोळ्यात जात होतं, त्याला बिचाऱ्याला दिसणार काय? जावयाने बायकोला पडदे ओढायला सांगितलं. तिने ओढले आणि खोलीत अंधारून आलं.

इथेच पुढच्या सगळ्याचं मूळ होतं. जावयाच्या मागे, दाराशी, धाकटा मेहुणा उभा होता. त्याने नुकताच हौसेने एक जुना रीळवाला कॅमेरा पैदा केला होता, आणि ह्या प्रसंगाचे आपणही चार फोटो घ्यावेत म्हणून तो आला होता. खोलीत अंधार झाल्याचं बघून त्याने शहाण्या माणसासारखा कॅमेऱ्याचा इवलासा फ्लॅश चालू केला.

"एक, दोन, तीन," जावई म्हणाला. लख्ख प्रकाश पडला. त्याने समाधानाने कॅमेऱ्याची पाठ बघितली. फोटोत सासऱ्यांचा उजवा कान आणि अर्धी मिशी तेवढी उजळली होती. सासूबाई तर जवळजवळ नव्हत्याच.

त्याने पुन्हा एक, दोन, तीन केलं. पुन्हा लख्ख प्रकाश, पुन्हा कान आणि अर्धी मिशी. त्याने दुसऱ्या फ्लॅशचे सेल बदलले, मग तिसऱ्याचे बदलले, मग पहिल्याचे काढून तेच परत घातले. सासऱ्यांनी घड्याळ बघून चार मिनिटं गेल्याचं जाहीर केलं. जावयाच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली.

होत होतं ते असं. तीन म्हणणारा माणूस आधी तीन म्हणतो, मग बटण दाबतो. ऐकणारा ते ऐकताक्षणी दाबून मोकळा होतो. दर वेळी मेहुणा आधी दाबत होता, त्याचा इवला फ्लॅश बघून दोन्ही दिवे इमानाने पेटत होते, आणि जावयाचं बटण वरातीमागून घोड्यासारखं येई तेव्हा ते दम खात बसलेले असत. त्याच्या वाट्याला उरायचा एकटा पहिला.

पाचव्या खेपेला त्याने मुद्दाम तीन म्हणून बटण दाबलंच नाही. तरी प्रकाश पडला. तो गर्रकन मागे वळला.

"तू फ्लॅश मारतोयस?"

"एवढासा तर आहे, भावोजी," मेहुणा म्हणाला. "तुमच्या एवढ्या मोठाल्या दिव्यांच्या तो काय आड येणार?"

जावयाच्या तोंडावर बरंच काही आलं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याने मेहुण्याला शांतपणे बाहेर जायला सांगितलं. मेहुणा गेला, म्हणजे उंबऱ्यापलीकडे जाऊन उभा राहिला, आणि दार उघडंच होतं.

आता तीन मिनिटं उरली होती. म्हातारा फ्लॅश नीट भरलाय ना हे बघायला जावई वाकला आणि त्याच्या काचेला नाक लावून आत डोकावला. नेमकी त्याच वेळी मेहुण्याला पडद्यापाशी उभ्या असलेल्या बहिणीचा एक फोटो घ्यावासा वाटला.

बोटभर अंतरावरून तो सगळा उजेड जावयाच्या डोळ्यांत शिरला. जग आधी पांढरं झालं, मग हिरवं, मग जांभळं. पण हाडाचा फोटोग्राफर तो, वेळ संपत आली हे विसरला नाही. चाचपडत चार पावलं मागे गेला, कॅमेरा वर केला आणि अदबीने म्हणाला, "बाबा, हनुवटी जरा वर. आणि आई, तुम्ही थोड्या त्यांच्याकडे सरका."

हे तो कपड्यांच्या कपाटाला सांगत होता.

कपाट सरकेना म्हणून त्याने पुन्हा विनवणी केली, "बाबा, आजच्या दिवस तरी थोडं हसा." तेव्हा त्याच्या पाठीमागे कुठूनतरी घुर्र असा आवाज आला, मग तो फुटला, आणि पन्नास वर्षांत त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं असं हसू बाहेर पडलं. सासरे मांडीवर थापा मारत होते, घड्याळ जमिनीवर पडलं होतं, आणि सासूबाई डोळ्याला पदर लावायचा सोडून नवऱ्याकडे बघत त्याच्याहून मोठ्याने हसत होत्या. आणखी एकदा लख्ख प्रकाश पडला. जावई आवाजाच्या दिशेने वळला आणि त्याने अंदाजाने बटण दाबलं. त्याला मिळाला तो कान आणि अर्धी मिशी, तीही हललेली.

"दहा झाली," डोळे पुसत सासरे म्हणाले आणि सदरा बदलायला उठले.

चार दिवसांनी मेहुण्याने रीळ धुवायला जावयाकडेच आणून दिलं. कृष्णधवल रीळ होतं. जावयाने स्वतःच्या डार्करूममध्ये ते धुतलं आणि लाल दिव्याखाली कागदावर एकेक फोटो उमटवला. सोळाव्या कागदावर सासरे हळूहळू हसू लागले. शेजारी सासूबाई हसू लागल्या. प्रकाश असा पडला होता की एकेक सुरकुती सुखी दिसत होती. आयुष्यात आपण असा फोटो काढला नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळलं आणि फार वाईट वाटलं. आयत्या बिळावरचा हा नागोबा ट्रेमध्ये तरंगत होता. रिळात उजेड शिरला, सगळं वाया गेलं, असं सांगितलं असतं तर कोण तपासायला येणार होतं?

त्याने तसं सांगितलं नाही. सासूबाईंचा तो चेहरा बघून हिंमतच झाली नाही. फोटो मोठा केला, स्वतः फ्रेम केला, स्वतः नेऊन दिला, आणि कोपऱ्यात उभं राहून मेहुण्याचं कौतुक ऐकलं. सासूबाईंनी लेकाची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. साध्या कॅमेऱ्यात असा फोटो येतो, मग लोक एवढे दिवे कशाला नाचवतात, असंही त्या म्हणाल्या. बायकोने नवऱ्याचा हात हळूच दाबला.

सासऱ्यांनी भिंग काढलं आणि नकाशा वाचावा तसा फोटो वाचला. मग लेकाला जवळ बोलावलं.

"तुझ्या कॅमेऱ्याला दिवे किती?"

"एक."

"माझ्या खुर्चीच्या सावल्या मोज."

मेहुण्याने वाकून मोजल्या. तीन होत्या.

"दोन दिवे जावईबापूंचे आहेत," सासरे म्हणाले. "हा उजेड त्यांचा. ते नसते तर तुझ्या फोटोत आम्ही भुतासारखे दिसलो असतो. श्रेय ज्याचं त्याला द्यावं."

बारा वर्षांत पहिल्यांदाच हे घडत होतं. एवढं झाल्यावर उत्साहाच्या भरात जावयाने सांगून टाकलं की, बाबा, पुढच्या वर्षी सगळे दिवे एकाच कंपनीचे आणतो, मग असा घोटाळा होणार नाही.

"काही बदलू नका," सासरे म्हणाले. "दिवे हेच आणा, आणि बटण ह्याला दाबू द्या. तुम्ही फक्त त्या कपाटाशी बोला."