पोशेऱ्याचं स्थळ आणि दोन थेंब

रांग धरायला बाकावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत औषध घालू नये, हे नर्सबाईंना वेगळं सांगावं लागेल असं तुषारला वाटलं नव्हतं. जव्हारच्या नेत्रतपासणी शिबिरात त्याची आई, शीलाबाई, पाणी प्यायला उठली आणि तेवढ्यात बाईंनी बाकावरच्या सगळ्यांना ओळीने थेंब घातले.

"अहो, मी पेशंट नाय. आईची जागा धरलीय."

"मग आधी बोलायचं ना. बाहुली मोठी करायचं औषध आहे. डोळ्यातला बारीक स्नायू चार-पाच तास सुस्त पडतो. लांबचं दिसेल, जवळचं वाचता येणार नाय."

"मला बारा वाजता पोशेऱ्याला पोरगी बघायला जायचंय."

"बघा की. जरा लांबून बघा."

आता या बाईला काय म्हणावं? तुषार कारकून, वय तेहतीस, सहा ठिकाणांहून नकार आलेला. सातवं स्थळ हातचं गेलं तर आठवं येणार कुठून? मोटारसायकल चालवता येईना, म्हणून मायलेक जीपमध्ये दाटीवाटीने बसून निघाले. उजेड सोसेना, म्हणून आईने स्टँडवर काळा गॉगल घेऊन दिला. "डोळ्याचं काही बोलू नको. अधू आहे म्हणतील," तिने बजावलं.

पोशेऱ्यात मुलीचे वडील पंढरीकाका गॉगलकडे बघतच राहिले. तुषारने तो मुकाट्याने काढला, तर डोळ्यांतून धारा.

"रडताय कशाला? अजून काय ठरलं पण नाय," काका म्हणाले.

"जीपमध्ये धूळ लय होती," शीलाबाई म्हणाली.

मुलगी, सपना, शाळेत शिक्षिका. तिने चहाबरोबर एक कागद पुढे केला. "माझ्या अटी आहेत. वाचा. पटल्या तर सही करा, नाय तर चहा पिऊन जा."

तुषारने कागद जवळ धरला, लांब धरला. नुसत्या मुंग्या. आईने शेजारून डोकावून वाचलं आणि त्याला कोपर मारलं. त्याने वाचल्यासारखी मान हलवली, "रास्त आहे" म्हणाला आणि सही ठोकली. सपना पहिल्यांदाच हसली. तिने त्याला एक प्रतही दिली.

संध्याकाळी घरी डोळे ताळ्यावर आले. त्याने प्रत उघडली. दोन वेळचा स्वयंपाक नवऱ्याने करायचा. बदली मागून पोशेऱ्यातच राहायचं. तुषारचं डोकं सणकलं.

"आई, तुला तर सगळं वाचता येत होतं. मग बोलली का नाय?"

"तिसरी अट वाचली न् तुला कोपर मारलं," शीलाबाई पाय पसरून बसत म्हणाली. "सासूनं चुलीपुढं बसायचं नाय, असं लिहिलंय पोरीनं. अशी सून सोडायची का? ऊठ, नाचणीचं पीठ काढ. भाकरी मी सांगते तशी थाप."