कामिनीचे सोडपत्र

कामिनीची सही म्हणजे एका फोनचे काम आहे, असे जितेंद्रने बायकोला, अपेक्षाला, ठासून सांगितले होते. हिंगण्याच्या कारखान्यात तो अख्खी शिफ्ट सांभाळत असे. खाप्याला दिलेली एक धाकटी बहीण त्याला जड जाणार नव्हती. वडिलांनी, मधुकररावांनी, कोराडीच्या नोकरीत असताना नागपुरात बांधलेले घर अजून त्यांच्याच नावावर होते. आईवडील दोघेही गेल्यावर वारस उरले हे बहीणभाऊ. वर मजला चढवायचा, तर बँकेला घर एकाच नावावर हवे होते.

"आधी कामिनीबाईले विचारा तरी," अपेक्षा म्हणाली.

"विचाराचं काय त्यात? सगळ्याच बहिणी सोडतात."

बापाच्या घरातला हिस्सा भावासाठी सोडून देण्याच्या दस्ताला हक्कसोडपत्र म्हणतात. वकिलाकडे खेपा घालता घालता जितेंद्रच्या तोंडून त्यातला 'हक्क' गळून पडला होता आणि नुसते 'सोडपत्र' उरले होते. खाप्याच्या घरात मात्र सोडपत्राचा एकच अर्थ होता. नवराबायकोची सोडचिठ्ठी.

फोन कामिनीच्या सासूने, अंजनाबाईंनी उचलला. कामिनी शेतात गेली होती. जितेंद्रने निरोप दिला, की सोडपत्रावर सही करायला तिला सोमवारी पाठवा. वकिलाशी बोलणे झाले आहे, पियुषरावांनी येण्याची गरज नाही, नवऱ्याची सही लागत नाही.

पलीकडून अंजनाबाईंनी बारीक आवाजात विचारले, "आमचं काही चुकलं का, भाऊ?"

बहिणीच्या सासूची ही नम्रता जितेंद्रला फार आवडली. "तुमचं काय चुकते, मावशी? उद्या कटकट नको, म्हणून आताच मोकळं झालेलं बरं."

त्यानंतर खाप्यात जे घडले ते त्याला पुष्कळ उशिरा कळले. कामिनी शेतातून परतली तेव्हा सासूबाई स्वतः पोळ्या लाटत होत्या. सकाळी पियुषने तिच्यापुढे चहा आणून ठेवला. लग्नानंतर प्रथमच, आणि बिनसाखरेचा. भावाने नागपूरला बोलावले आहे, एवढेच तिला सांगण्यात आले. सगळे इतक्या हळू आवाजात बोलत होते, की माहेरी कोणीतरी अत्यवस्थ आहे आणि आपल्यापासून लपवले जात आहे, अशी तिची खात्री झाली.

सोमवारी नोंदणी कार्यालयाच्या दारात जितेंद्र वकिलांसोबत एकट्या बहिणीची वाट पाहत होता. ऑटोतून उतरले चौघे: कामिनी, इस्त्रीच्या शर्टातला पियुष, अंजनाबाई आणि हे लग्न जुळवणारे वयोवृद्ध रामाजी.

रामाजींनी त्याला बाजूला घेतले. "जोडताना मी मधात होतो ना गा? मंग तोडताना मले काहून नाही विचारलं?"

जितेंद्र गोंधळला. तोवर पियुष हात जोडून पुढे आला. "दादा, एक डाव विचार करा. माह्या हक्काचा प्रश्न आहे."

आता जितेंद्रच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जावयाचा डोळा घरावर होता तर. तो ताठ होऊन म्हणाला, "तुमचा यात काही हक्क नाही, पियुषराव."

"नवऱ्याचा नाही, तं कोणाचा?"

"कायद्यानं जावयाचा नसतोच," वकिलांनी फाइलीतून डोके वर न काढता सांगितले. अंजनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"थांबा," कामिनी म्हणाली. "कोण कोणाले सोडून राहिलं?"

उलगडा व्हायला वेळ लागला. झाल्यावर रामाजी तिथल्या बाकावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अंजनाबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "घराचंच आहे होय. कर वं सही, लवकर निघू." पियुषने खिशातला पेन काढून दिला. त्याच क्षणी जितेंद्रनेही आपला पुढे केला.

कामिनीने दोन्ही पेनांकडे पाहिले आणि एकही घेतला नाही.

"दादा, मी नवऱ्याले सोडून राहिली असं वाटलं, तं ही तिघं खाप्याहून धावत आली. बापाचं घर सोडून राहिली, तं सगळेच पेन देऊन राहिले."

पियुषने पेन पुन्हा खिशाला लावला. जितेंद्र बँकेविषयी, वरच्या मजल्याविषयी बोलायला लागला आणि मध्येच थांबला. या सगळ्या खटाटोपात आपण तिला एक प्रश्न विचारलाच नव्हता, हे ध्यानात येऊन त्याने तो तिथेच, चारचौघांत, चाचरत विचारला. "मंग... सोडतं का तू?"

"आज नाही. घरी ये, बसून विचार. मंग पाहीन."

तेवढ्यात आतून शिपाई आला. "हक्कसोडवाले कोण आहेत?"

जितेंद्रचा हात सवयीने वर गेला. सगळे आपल्याकडे पाहत आहेत, हे लक्षात आल्यावर त्याने तो तसाच डोक्यामागे नेला आणि बराच वेळ केस खाजवत उभा राहिला.