विसाव्या मजल्यावरची आत्या

चार वाजून दहा मिनिटांनी सरांच्या लक्षात आलं, की आपल्या ओळखीत एकही अडाणी माणूस शिल्लक राहिलेला नाही.

अडाणी म्हणजे व्हीआरच्या बाबतीत. डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा कधीच न चढवलेला, कोरा करकरीत माणूस त्यांना पाचच्या आत हवा होता. आभासी वास्तवावर संशोधन कसं करायचं, हे शिकवणाऱ्या कार्यशाळेचा प्रस्ताव त्यांनी एका परिषदेसाठी लिहिला होता. चाळीस पानं, तळटीपांसकट! पण पाठवायची मुदत आज पाचची, आणि शेवटची अट त्यांनी आत्ता कुठे वाचली होती: एखाद्या नवख्या व्यक्तीला शिकवतानाचं चित्रीकरण जोडा, काटछाट चालणार नाही. प्रस्ताव नापास झाला तर सरांची प्रयोगशाळा काढून तिथे मोडके बाक ठेवायचे, असं प्राचार्यांनी सांगूनच टाकलं होतं. खोलीत किती बाक मावतील, ते शिपाई पाहूनही गेला होता.

विद्यार्थी सगळे वापरून झालेले. बायकोने तर सरांचा व्हीआरचा प्रयोग इतक्यांदा केला होता, की ती तो फोनवर बोलता बोलता करायची. उरली चार दिवस राहायला आलेली आत्या. छत्तीस वर्षं शाळेत काढून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली.

"आत्या, दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांच्या कामाला तीन पानी संमतिपत्र कशाला रे?" असं म्हणून आत्याने तिन्ही पानं वाचली, मगच सही केली.

प्रयोग साधा होता. चष्म्यात दोन उंच इमारती दिसायच्या आणि विसाव्या मजल्यावर त्यांच्यामध्ये टाकलेली एक फळी. तिच्यावरून पलीकडे जायचं. प्रत्यक्षात माणूस हॉलच्या फरशीवर सहा पावलं चालायचा, एवढंच. सरांनी टीपॉय बाजूला सारला, कॅमेरा सुरू केला आणि आत्याला चष्मा चढवला.

तीन पावलं आत्या ताठ चालली. चौथ्याला थबकली आणि तिने दोन्ही हात पसरले.

"काय झालं?"

"खाली बघितलं."

"खाली फरशी आहे, आत्या. सकाळी तूच म्हणालीस, नीट पुसलेली नाही."

"ती घरी. इथे खाली रस्ता आहे, आणि मोटारी मुंग्यांएवढ्या दिसताहेत."

"मग चष्मा काढ ना!"

"कशाने काढू? दोन्ही हात तोलाला लागलेत."

"थांब, मी काढतो."

"खबरदार! नियम सहा. सहभागी व्यक्तीच्या परवानगीशिवाय उपकरणाला कोणीही हात लावणार नाही. अचानक अंधार झाला आणि मी पडले म्हणजे?"

संमतिपत्रातला हा नियम सहा खुद्द सरांनीच लिहिला होता. कॅमेरा चालू होता, आणि त्यासमोर स्वतःचाच नियम मोडला तर प्रस्ताव तिथेच बाद. तेवढ्यात चष्म्यातून टुंग असा आवाज आला. बॅटरी संपत आली होती, म्हणजे अंधार आपसूकच होणार होता. सर धावत जाऊन चार्जर घेऊन आले. आत्याच्या परवानगीने केबल जोडली, पण ती पडली आखूड. मग सर एक एक्स्टेंशन बोर्ड ओढून आणून तो डोक्यावर धरून आत्याच्या बाजूला उभे राहिले. घड्याळात चार चाळीस झाले होते.

बेल वाजली. स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून बायकोने बोलावलेला प्लंबर दारात उभा होता.

"आजींना काय झालंय?"

"विसाव्या मजल्यावर अडकल्यात," बायको म्हणाली. "नळ आत आहे."

प्लंबर हसला नाही. उंच इमारतींच्या बाहेरून पाइप जोडण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. त्याने पिशवी खाली ठेवली.

"आजी, समोर काय दिसतंय?"

"खिडकी."

"तिच्यावरच नजर ठेवा. पाऊल उचलू नका, घासत न्या. आणि आधी श्वास सोडा. मघापासून धरून ठेवलाय तुम्ही."

आत्याने श्वास सोडला तो हॉलभर ऐकू आला. मग एक पाऊल. मग दुसरं.

"पोचले!" चष्मा काढून आत्याने सरांकडे पाहिलं. "ह्याला म्हणतात शिकवणं. तुझं आपलं नुसतं फरशी आहे, फरशी आहे."

मग तिने सरांची प्रश्नावली मोठ्यांदा वाचली, चौथ्या प्रश्नात दोन प्रश्न कोंबल्याबद्दल त्यांना झापलं आणि नको नको म्हणणाऱ्या प्लंबरला चष्मा चढवला. तोही चौथ्या पावलाला थबकला.

"आजी, इथे कमरेला दोर नाही हो!"

"श्वास सोड," आत्या म्हणाली. "खिडकी बघ."

प्लंबर पलीकडे पोचला तेव्हा पाचला तीन मिनिटं कमी होती. सरांनी आहे ते चित्रीकरण तसंच धाडलं आणि कपाळाला हात लावला. त्यात त्यांचं स्वतःचं योगदान म्हणजे वर केलेले दोन हात आणि अकरा वेळा "आत्या, ऐक ना".

महिन्याभराने, मोडके बाक प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन थडकले त्याच दिवशी, उत्तर आलं. प्रस्ताव मंजूर! घाबरलेल्याला कसं शिकवावं आणि शिकलेल्याने लगेच दुसऱ्याला कसं शिकवावं, हे इतकं स्वच्छ आम्ही कुठेच पाहिलं नव्हतं, असं आयोजकांनी लिहिलं होतं. चित्रीकरणातल्या बाई आणि पिशवीवाले गृहस्थ यांनी मार्गदर्शक म्हणून अवश्य यावं. केबल धरणारे मदतनीस सोबत आले तरी हरकत नाही.

बाक आल्या पावली परत गेले. सरांना मात्र हसावं की रडावं कळेना. त्यांनी आत्याला फोन लावून पत्र वाचून दाखवलं.

"आणि ती चाळीस पानं माझी होती, आत्या!" त्यांचा आवाज चिरकलाच.

"माहितेय रे बाळा. सगळी वाचलीत मी, चांगली लिहिलीयेस," आत्या म्हणाली. "पण या वेळी केबल लांब आण. मी बघितलं ते चित्रीकरण. किती दुखले असतील रे हात तुझे!"

सर त्याच संध्याकाळी पाच मीटरची केबल घेऊन आले.